गवताची वही आणि लांडगा

आमच्या घरात लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. माझे आजोबा पालघर स्टेशनजवळच्या एका गवताच्या वखारीत मुनीम होते, त्यांच्या हातची. मोडी वाचायला मी शिकलो ते पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि शिकलो ते या चोपडीसाठीच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं स्टोअर सांभाळत आल्यामुळे आवक-जावक, शिल्लक, घट असल्या नोंदी वाचायचा मला कंटाळा येत नाही. चोपडीत रकाने मोजकेच: तारीख, गवताचं वजन रतलांत, कापणाऱ्यांची मजुरी, बैलगाड्या आणि रेल्वेच्या वॅगनी. पानामागून पान हेच.

चोपडी उघडली की तिच्यातून वर्तमानपत्राचं एक कात्रण घसरतं. ते मी ठेवलेलं. कमरेएवढ्या पिवळ्या गवतात एक प्राणी उभा आहे. अंग तांबूस, कान मोठाले, मानेवर काळी आयाळ, आणि पाय असे लांब नि काळे की जणू दुसऱ्याच जनावराचे आणून लावलेत. खाली ओळ होती, ‘ब्राझीलमधील लांडगा’. ते कात्रण मी कापून ठेवलं ते प्राण्यासाठी नव्हे, त्याच्या मागच्या डोंगरउतारासाठी. बोईसर-वाणगावच्या पूर्वेला माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुमारास उतार अगदी असेच दिसत. चोपडीतलं गवत ते हेच, असं मनात आलं आणि कात्रण तिथे ठेवलं.

पुढे कळलं की ती ओळ चुकीची होती. हा प्राणी लांडगा नाही, कोल्हा नाही, खोकडही नाही. कुत्र्याच्या कुळातली ही एक वेगळीच शाखा, दक्षिण अमेरिकेत वाढलेली. १८१५ साली इलिगर या जर्मन अभ्यासकाने त्याला ‘ब्रॅकियुरस’ म्हटलं, म्हणजे लांड्या शेपटीचा. त्याचा वंश ‘क्रायसोसायन’, म्हणजे सोनेरी कुत्रा. सोयीसाठी आपण त्याला आयाळी लांडगा म्हणू. खांद्यापाशी उंची सुमारे ९० सेंटिमीटर, वजन मात्र वीस-पंचवीस किलोच्या आसपास. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, उंटासारखे. कळप करत नाही. नर-मादी एकच मुलूख राखतात आणि भक्ष्य शोधायला एकेकटे फिरतात. खाण्यात उंदीर, पक्षी, किडे असतातच, पण जवळजवळ निम्मा आहार फळांचा. त्यात वांग्याच्या कुळातलं टोमॅटोसारखं दिसणारं एक मोठं फळ त्याचं विशेष आवडीचं. तिकडे त्या झाडालाच ‘लोबेरा’, लांडग्याचं झाड म्हणतात. त्याच्या विष्ठेतून बिया पसरतात. पिंजऱ्यात ठेवून नुसतं मांस घातलेल्या आयाळी लांडग्यांना मूत्रखडे होऊ लागले, तेव्हा कुठे प्राणिसंग्रहालयांच्या ध्यानात आलं की नावात लांडगा असला तरी याचं पोट लांडग्याचं नाही.

हे सगळं वाचताना मला आमच्याकडचा प्रश्न पडला. असं गवत पालघर, डहाणू, बोईसरला मैलोन् मैल होतं. मग त्या गवतात आपला लांडगा का नव्हता? वारल्यांच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत, लाकडात नि दगडात कोरलेली. बिबट्याही त्यांच्या लेखी वाघोबाच. पण लांडग्याचं ठाणं मी कुठे पाहिलं नाही. आमच्या बोलण्यात लांडगा येतो तो ‘आला रे आला’ एवढ्यापुरता, किंवा वर्तमानपत्रात भूखंडांची लांडगेतोड चालते तेव्हा. प्रत्यक्ष जनावर नाहीच.

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी आधी गवताकडे वळलो, कारण चोपडी हाताशी होती.

१८६४ च्या सुमारास सुरतेकडची रेल्वे मुंबईपर्यंत आली आणि आमच्या भागातल्या गवताला एकदम भाव आला. मुंबईत घोडागाड्या होत्या, बैलगाड्या होत्या, शहराच्या मध्यवस्तीत म्हशींचे तबेले होते. एवढ्या तोंडांना चारा हवा. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या स्टेशनांवर गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. पावसाळा सरला की उतारावरचं गवत पिकायचं, दसऱ्यापासून कापणी सुरू व्हायची, मग गवत दाबून गासड्या बांधायच्या आणि वॅगनीत भरायच्या. डोंगरउताराची जी जमीन एरवी नाचणी-वरीच्या पलीकडे काही देत नाही, तिचं गवत जमीनदाराला आणि व्यापाऱ्याला रोख पैसा देऊ लागलं. म्हणून त्यांनी ते गवत राखलं. गुरं घुसू दिली नाहीत, वणवा लागू दिला नाही. आज ज्याला संवर्धन म्हणतात ते त्या काळी बाजाराने केलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पण त्याची किंमत कोणी दिली, तेही याच चोपडीत आहे. गवत कापणारा वारली होता. तो जमीनदाराच्या कर्जात अडकलेला असे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही राबत, त्याला लग्नगडी म्हणत. वेठ वेगळी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांनी वेठ नि लग्नगडीपण झुगारून दिलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. त्यानंतरचा पहिला मोठा संप गवतकापणीचा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मागणी होती पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. पुस्तक वाचकांना माहीत आहेच. मी त्यात फक्त आजोबांच्या चोपडीची भर घालतो.

वखारीत डहाणूकडचंही गवत येत असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आठवडा-दीड आठवडा नोंदी विरळ होतात आणि पुढे सलग कोरी पानं. एरवी आजोबांचं अक्षर कसं ठाशीव. कोऱ्या पानांवरसुद्धा त्यांनी रोज तारीख घातली आहे, समोरचे रकाने रिकामे. नोंदी परत सुरू होतात तेव्हा मजुरीचा आकडा बदललेला आहे. का बदलला याबद्दल अक्षर नाही. आजोबा हयात असताना मी लहान होतो, आणि वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, ‘आपण नोकर माणसं, आपण काय केलं?’ मला हे उत्तर पुरत नाही, पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं याचीही खात्री नाही.

नंतर गवताचा भाव हळूहळू पडला. १९४९ साली आरेची दूध वसाहत सुरू झाली, म्हशी शहराबाहेर जाऊ लागल्या. मोटारी आल्या, घोडे-बैल गेले. गवत आजही कापलं जातं, पण उतार राखून ठेवावा इतकी किंमत त्याला राहिली नाही. १९६९ साली तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला, मग औद्योगिक वसाहत वाढली, त्या पाठोपाठ चाळी आणि इमारती. गवताच्या जमिनीवर बांधकाम करताना कोणाला हळहळ वाटली नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: पडीक. माझं स्वतःचं घरही अशाच एका पडीक जमिनीवरच्या इमारतीत आहे, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

आता लांडगा. त्याची वार्ता मला पुस्तकातून मिळायच्या आधी एका मेंढपाळाकडून मिळाली. नाशिक-नगरकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून आमच्या बाजूला येतात. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. वाणगावच्या पुढे एका शेतात त्यांचा वाडा पडला होता. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, एक म्हातारे गृहस्थ दुरुस्त करत बसले होते. माझ्या हातात वही बघून त्यांनी मला मास्तर ठरवलं, आणि मी त्यांना मामा म्हणू लागलो. दर वर्षी ते भेटतात. एकदा विचारलं, मामा, इकडे तुम्हाला लांडग्याचं भय नाही ना?

‘लांडगा इकडं कुठला, मास्तर? त्यो घाट उतरत नाही. त्याला उघडं रान लागतं, लांबचं बघायला अन् पळायला. इकडं झाडी.’

‘आणि तिकडे वर?’

‘वर हाय की. आमच्या मागं मागंच असतो. वर्साला चार-दोन कोकरं त्याची. ती काय आपली धरायचीच नाहीत.’

मला वाटलं, म्हातारा आपल्या परीने सजवून सांगतो आहे. पण पुढे मुंबईला एशियाटिकच्या ग्रंथालयात, डहाणू लोकलने जाऊन-येऊन, लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचं १८३१ चं इतिवृत्त वाचत होतो, आणि शब्दकोशाच्या आधाराने वाचता वाचता थबकलो. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ साली त्याला मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमलं. माणसं, पिकं, बाजारभाव मोजता मोजता त्याने पशुपक्षीही नोंदले. भारतीय लांडग्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याचंच, ‘कॅनिस पॅलिपीस’, फिकट पायांचा. आणि प्रत्येक प्राण्यापुढे त्याने मराठी नाव दिलं आहे: लांडगा, कोळसुन, कोल्हा, खोकड, स्पेलिंग साहेबी कानाने टिपलेलं. लांडग्याबद्दल तो सांगतो ते असं, की दख्खनच्या उघड्या खडकाळ माळांवर हा प्राणी मुबलक आहे, घाटाच्या जंगलात मात्र आढळत नाही. मामांचं वाक्य आणि कर्नल साहेबाचं वाक्य यांत एकशे नव्वद वर्षांचं अंतर, आणि आशय तोच. साइक्सलाही ते कोणा मेंढपाळानेच सांगितलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आमचं गवत भर पावसाचं, झाडीच्या मधे मधे पसरलेलं. लांडग्याचं गवत कमी पावसाचं, आखूड, बोरी-बाभळींचं: पुणे, नगर, सोलापूर, सांगली, मराठवाडा. पण या सोप्या उत्तराने मला दुसरीकडे नेलं. आमच्याकडे गवत का टिकलं नि का गेलं ते मला चोपडीतून कळलं होतं. लांडग्याच्या गवताचा हिशेब कोणी ठेवला?

आधी जनावर समजून घेऊ. आपला लांडगा युरोप-अमेरिकेच्या लांडग्यापेक्षा अंगाने लहान, वीस किलोच्या आगेमागे, केस विरळ, उन्हाला सोसणारा. कळप छोटा, बहुधा एक जोडी आणि तिची पिल्लं. हिवाळ्यात विण्याचा काळ. ओढ्याच्या काठात, माळावरच्या खबदाडीत घर करतो, चार-पाच पिल्लं होतात, आणि घराला त्रास झाला की आई पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. काळवीट आणि चिंकारा हे मूळचं भक्ष्य. ते कमी झाले तसे शेळ्या-मेंढ्या. २०२१ साली जगभरच्या लांडग्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात असं निघालं की भारतीय लांडगा इतर बहुतेक लांडग्यांपासून फार पूर्वी, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला. हिमालयापलीकडच्या भावंडांपेक्षा हा घराण्यातला जुना मुरब्बी. नगरच्या माळावर मेंढ्यांमागे फिरणारं हे जनावर जगातल्या सगळ्यांत प्राचीन लांडग्यांपैकी एक आहे.

इंग्रज सरकारच्या दप्तरात मात्र तो उपद्रवी प्राणी होता. वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणा आणि बक्षीस घ्या, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात देशभर पक्की झाली. शिकारी, पारधी, गावकरी कातडं किंवा डोकं कचेरीत आणत, कारकून नोंद करी, बक्षीस मिळे. विषाचाही सर्रास वापर होई. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या नोंदींवरून काढलेली बेरीज प्रसिद्ध आहे: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. वाघांच्या अडीचपट लांडगे. वाघाच्या शिकारीची छायाचित्रं आहेत, पुस्तकं आहेत, राजवाड्यांच्या भिंतींवर मुंडकी आहेत. लांडग्याची एकही ट्रॉफी मी पाहिलेली नाही. त्याच्या मरणात कोणाला मिरवायचं नव्हतं.

हे आकडे वाचताना स्टोअरवाल्याची खोड जागी होते. बक्षिसावर चालणाऱ्या नोंदीत आवक फुगते. कचेरीतल्या कारकुनासमोर सुकलेलं कातडं आलं तर ते लांडग्याचं की कोल्ह्याचं हे त्याने कसं ओळखायचं? आणि त्याने ओळखायचं तरी का? तेव्हा दोन लाखांतले काही कोल्हे असणार, असं माझं मत आहे. उलट, विष खाऊन ओढ्यात मेलेले, ज्यांचं कातडं कचेरीपर्यंत आलंच नाही, तेही असणार. ते दप्तर हिशेब ठेवत होतं खर्चाचा, लांडग्यांचा नव्हे. तेवढ्यापुरतं ते खरं.

पण बक्षिसांनी लांडगा संपला नाही. संपवू शकली असती ती दुसरी नोंद, जमिनीची. महसुलाच्या हिशेबात जी जमीन सारा देत नाही ती वाया. कोकणात वरकस, देशावर पडीक, पोटखराबा, गायरान. शब्द वेगवेगळे, पण कचेरीत ते एकाच कप्प्यात पडत. स्वातंत्र्यानंतर कप्पा बदलला नाही. २००० साली केंद्र सरकारने देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला. माळरान नि झुडपी रान त्यात याच सदरात येतं. पडीक म्हटलं की ती सुधारण्याची जबाबदारी अंगावर येते. मग कुठे कालव्याचं पाणी आणि ऊस, कुठे औद्योगिक वसाहत, कुठे सौर पट्ट्या, कुठे वनीकरण. झाडं लावणं हे पुण्यकर्म मानलं गेल्यामुळे माळावर झाडं लावण्याला विरोध करणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. मीही एके काळी रोपं घेऊन टेकडीवर गेलो आहे.

इथे कात्रणातला प्राणी परत येतो. त्याचं घर सेराडो, ब्राझीलमधला सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा गवताळ, खुरट्या झाडांचा प्रदेश. तिथली माती आम्लधर्मी म्हणून तो निरुपयोगी मानला जाई. १९७० च्या दशकापासून सरकारी कृषी संशोधनाने चुनखडी टाकून ती माती पिकती केली आणि सोयाबीन नि गुरांची कुरणं पसरली. आज निम्मा सेराडो गेला आहे. २०१२ च्या ब्राझीलच्या वनकायद्यात मला आपलंच प्रतिबिंब दिसलं. ॲमेझॉनच्या जंगलात खासगी मालकाला आपल्या जमिनीचा ८० टक्के भाग राखावा लागतो. सेराडोच्या बहुतांश भागात फक्त २० टक्के. त्याच ब्राझीलने २०२० साली आपल्या २०० रियालच्या नोटेवर आयाळी लांडग्याचं चित्र छापलं. प्राण्याला मान आहे, त्याच्या जमिनीला नाही. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला बसवलं. त्याची जमीन मात्र सातबाऱ्यावर जशी होती तशीच राहिली.

महाराष्ट्राने माळासाठी काहीच केलं नाही असं नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक आहे हे सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णींनी दाखवून दिलं, आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पण केलं ते असं की कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळंच. खरं राखलेलं गवत म्हणजे तुकडे तुकडे. खरेदी-विक्रीच्या अडचणींनी लोक वैतागले, पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक आज तिथे जवळपास दिसेनासा झाला. लांडगा मात्र टिकला, आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकात त्याचा तिथे बारकाईने मागोवा घेतला. त्यात निघालेली एक गोष्ट मला अवघड वाटते: माळावर लावलेली झाडं माळढोकाला जाचक ठरली, पण दिवसा आडोशाला पडून राहायला लांडग्याने त्याच लागवडीचा उपयोग केला. म्हणजे झाडं वाईट आणि गवत चांगलं असं सरसकट म्हणायलाही लांडगा आपल्याला मोकळीक देत नाही. एक खरं, की अभयारण्याच्या कुंपणात तो मावत नाही. तो बहुतेक करून बाहेरच असतो, गायरानात, शेताच्या बांधावर, मेंढ्यांच्या वाटेवर.

मेंढ्यांच्या वाटेवर हेच खरं उत्तर आहे, असं मला आता वाटतं. दख्खनच्या गवताचा हिशेब ठेवला तो धनगराने. आमच्याकडचा वखारवाला वजनाने विकायचा, हा मेंढीच्या तोंडाने मोजतो. माळ चराऊ राहण्यात त्याचं पोट आहे, म्हणून तो माळ सोडत नाही, आणि तो आहे तोवर लांडगाही आहे. आमचं गवत वारल्याच्या स्वस्त मजुरीवर उभं होतं, तिथलं गवत मेंढपाळाच्या सोसण्यावर. दोन्ही ठिकाणी खर्च तिसऱ्याच कोणीतरी उचलला. फरक इतकाच, की वारल्याने १९४५ साली त्याचा दर सांगितला.

मेंढपाळाचा दर कोणी विचारत नाही. लांडग्याने मेंढी मारली तर सरकारी नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण त्यासाठी ठरावीक मुदतीत कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, कागद द्यायचे, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी हललेला असतो. मामांनी आयुष्यात एकदाही भरपाई घेतलेली नाही. तीन दिवस कचेरीत बसायचं तर मेंढ्या कोण राखणार, हा त्यांचा सवाल. त्यांची दोन्ही मुलं चाकणला कंपनीत आहेत. नातू वाड्यावर येतो तो शाळेच्या सुट्टीत, मोबाइल चार्ज करायची सोय कुठे आहे ते आधी विचारून.

दरम्यान लांडग्यापुढे नवं संकट उभं आहे, तेही आपल्याच दारातलं. गावाबाहेर कोंबड्यांचा नि हॉटेलांचा कचरा पडतो, त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. ती माळावर जातात, रोग नेतात, आणि लांडगे थोडे उरले की त्यांच्याशी जोडीही जमवतात. पुण्याच्या आसपासच्या माळांवर पिवळसर रंगाचे लांडगे दिसू लागले, तेव्हा द ग्रासलँड्स ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी आणि शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकीय तपासणी केली. कुत्र्याशी संकर झाल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिद्ध झालं. दोन लाख वर्षं वेगळं राहिलेलं घराणं काही पिढ्यांत विरघळू शकतं. २०२५ साली आययूसीएनने भारतीय लांडग्याचं प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन केलं आणि त्याला ‘असुरक्षित’ वर्गात टाकलं. उरलेत सुमारे तीन हजार. वाघ २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ होते. वाघांची संख्या वाढल्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि यायलाही हवी. लांडगे वाघांहून कमी उरलेत, हे मात्र मी आमच्या कारखान्यात सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मामांचा वाडा पुन्हा वाणगावला आला. मेंढ्या आदल्या वर्षीपेक्षा निम्म्या. ज्या शेतात ते दर वर्षी बसत, तिथे आता कंपाउंडची भिंत आहे, म्हणून पाटाच्या कडेला जागा घेतली होती. मी चोपडी नाही, पण कात्रण नेलं होतं. त्यांनी ते लांब धरून, मग जवळ धरून पाहिलं.

‘गवतातलं जनावर हाय,’ ते म्हणाले. ‘पाय बघा की. गवताच्या वरून बघायला एवढं लांब दिल्यात.’

मी म्हटलं, याला तिकडे लांडगा म्हणतात, पण हा निम्मं पोट फळांनी भरतो.

ते बराच वेळ हसत होते. मग विचारलं, ‘मंग तिकडच्या मेंढरांची चैनच की. पन मास्तर, तिकडं गवताचा मालक कोन?’

मी सांगितलं, सोयाबीनवाले.

‘हां,’ म्हणाले, आणि कात्रण घडी घालून माझ्याकडे परत दिलं. अंधार पडायला लागला होता. त्यांना वाघर लावायची होती.